कॅरेक्टर मेलं, आता त्याचं खातं कोण चालवणार?

आमच्या रोल-प्लेइंग गेममधला (गोल बसून गोष्ट खेळायची असते तो) पहिला मुडदा पहिल्याच सेशनला पडला, पाऊण तासात. मावसभावाचं कॅरेक्टर चोर होतं, नाव चिंधू, लेव्हल एक, एचपी (अंगात किती जीव उरला त्याचा आकडा) नऊ. झुडपातून गॉब्लिनचा, म्हणजे एका बुटक्या राक्षसाचा, एक बाण आला, मंग दुसरा आला, चिंधू आडवा झाला, अन मी नवाच जीएम (खेळ चालवणारा) असल्यानं नियमात लिहिलं तसं वाचत गेलो आणि तिसरा सेव्ह (जीव वाचतो का ते पाहणारा डाइस) फेल झाल्याबरोबर जाहीर करून टाकलं की मेला. सगळे गप्प. मावसभावानं खिशातून पेन काढला, कागदावरचं 'चिंधू' खोडलं, त्याच्यावर 'बंधू' लिहिलं अन म्हणे, "हा त्याचा जुळा भाऊ, मागंमागं येऊन राह्यला होता." एचपी नऊ, चाकू तोच, मिशीसुद्धा तीच.

त्या दिवशी मला राग आला होता, पण चूक माझीच होती. चिंधूला होतंच काय? नाव, नऊ एचपी अन चाकू. त्याच्या मरणानं कोणाच्या घरची चूल विझली नाही. त्यानंतर काही वर्षांनी आमच्यात खेळणाऱ्या शाळेतल्या सरांचं कॅरेक्टर, एक हवालदार, मेला तेव्हा मात्र दोन धडधाकट माणसं 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठून अंगणात गेली अन लवकर आली नाहीत. नियम तेच होते, डाइस तेच होते. मधल्या काळात फक्त एक वही आली होती, किराणा दुकानात असते तशी उधारीची. हा लेख त्या वहीबद्दल आहे, पण त्याआधी मरणाचं गणित नीट बसवावं लागतं म्हणून सुरुवात तिथून करतो.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच जण गोल बसतात, एक जण जीएम, तो जग सांगतो अन जगातल्या बाकी सगळ्या माणसांचं बोलतो, उरलेले एकेक कॅरेक्टर धरून "मी असं करतो" म्हणतात, अन जिथं जमेल का नाही अशी शंका असते तिथं डाइस टाकतात. दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) पाहिली असेल तर समजा की तीच, पण संवाद कोणाला पाठ नाहीत अन शेवट कोणालाच माहीत नाही. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स अन डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स छापलं तिथून हे सुरू झालं. आम्ही त्याची पाचवी आवृत्ती खेळतो, 2014 वाली. पुस्तकं महाग आहेत पण मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये फुकट आहे, पीडीएफ उतरवून घ्या, तालुक्याला झेरॉक्स काढा, काम झालं.

डाइसचं पण सांगून ठेवतो. वीस बाजूंचा डाइस आमच्याकडं दुकानात मिळत नाही, फोनवर ॲप आहे पण लाइन गेली की चार्जिंगचे वांधे. आम्ही आधी कवड्या टाकून पाहिल्या, अष्टाचंगच्या सवयीनं, पण पाच-सहा कवड्या एकत्र टाकल्या की मधले आकडे जास्त पडतात अन टोकाचे क्वचित, म्हणजे सगळं गणितच बिघडतं. शेवटी 1 ते 20 लिहिलेल्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. एक काढायची, वाचायची, परत टाकायची, हलवायची. परत टाकायची हे विसरू नका, आमचा ट्रॅक्टरवाला मुद्दाम विसरायचा.

खेळायच्या आधी बसून बोला

पहिला रविवार खेळू नका, फक्त बोला. याला सगळीकडं सेशन झिरो म्हणतात. त्यात बाकी काही ठरो न ठरो, मरणाबद्दलच्या गोष्टी ठरल्या पाहिजेत. कॅरेक्टर मरू शकतं का? डाइसनं कधीही मरू शकतं का, की फक्त मोठ्या प्रसंगात? मेलेलं परत येऊ शकतं का, अन आलं तर काय किमतीत? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. आमच्यात सरांना कडक हवं होतं, मावसबहीण म्हणे मी नर्सिंगला आहे, आठवडाभर वॉर्डात तेच पाहून येते, मला रविवारी दर वेळेस नको. दोघांचंही बरोबर. आम्ही असं ठरवलं की वाटेतल्या किरकोळ मारामारीत झिरो एचपी झालं तर कॅरेक्टर मरत नाही पण काहीतरी कायमचं गमावतं, अन ज्या प्रसंगाच्या आधी जीएम मोठ्यानं "हे जीवावरचं आहे" असं म्हणतो तिथं मात्र पूर्ण नियम लागू.

दुसरं बोलणं जास्त अवघड, पण टाळू नका. कोणत्या प्रकारचं मरण टेबलावर येणारच नाही? याला लाइन म्हणतात, म्हणजे ती रेघ ओलांडायची नाही. अन काही गोष्टी गोष्टीत घडतात पण पडद्याआड, वर्णन न करता, त्याला व्हेल म्हणतात. ही पद्धत रॉन एडवर्ड्सनं मांडली. आपल्या भागात हे तोंडदेखलं करून चालत नाही. कर्जापायी गेलेला माणूस आमच्या पाच जणांपैकी दोघांच्या नात्यात आहे. म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे की विष, फास अन सावकार हे आपल्या गेममध्ये नाही, एनपीसीलाही (जीएम ज्यांचं बोलतो त्या माणसांनाही) नाही, विनोदातही नाही. कोणी कारण विचारलं नाही. खेळताना मधेच काही टोचलं तर टेबलावर एक एक्स लिहिलेलं कार्ड पडलेलं असतं, जॉन स्टाव्ह्रोपोलोसची कल्पना आहे ही, त्याला हात लावला की तो भाग तिथंच सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही. आमचं कार्ड लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूचं आहे.

मरणाचा नियम पाठ पाहिजे, टेबलावर शोधत बसू नका

चिंधूच्या वेळेस मी निम्मा नियम चुकीचा लावला होता हे मला नंतर कळलं, म्हणून सविस्तर सांगतो.

झिरो एचपी म्हणजे मेला असं नाही, बेशुद्ध पडला. त्याची पाळी आली की तो डी ट्वेंटी (वीस बाजूंचा डाइस) टाकतो, कशाचाही बोनस न लावता. 10 किंवा वर आलं की पास, 9 किंवा खाली की फेल. तीन पास झाले की तब्येत स्थिर, तीन फेल झाले की खेळ संपला, अन पास-फेल लागोपाठच यावे लागतात असं नाही. 20 पडला की एक एचपी घेऊन उठून बसतो. 1 पडला की दोन फेल धरायचे. पडलेल्या अवस्थेत कुठूनही मार लागला तर एक फेल, अन पाच फुटांच्या आत उभं राहून कोणी मारलं तर तो वार आपोआप क्रिटिकल (जबर वार) होतो म्हणजे दोन फेल. ही शेवटची गोष्ट नव्या जीएमच्या लक्षात राहत नाही. लांबून बाण मारणारा गॉब्लिन अन पडलेल्याच्या छातीवर बसलेला गॉब्लिन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसऱ्या कोणी मदत केली नाही अन आणखी मारही लागला नाही तर शंभरातले साठच्या आसपास वाचतात. म्हणजे नुसतं पडून राहणं हे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. पण सोबतचा धावून आला अन त्यानं मेडिसिनचा चेक (उपचार जमला का ते पाहणारा डाइस) 10 किंवा वर काढला तर स्थिर होतो, हीलर्स किट (मलमपट्टीची पिशवी) असेल तर चेकचीही गरज नाही, अन मंत्रानं किंवा औषधानं एक एचपी जरी दिला तरी शुद्धीवर येतो आणि आधीचे पास-फेल पुसले जातात. म्हणून पार्टीतला, म्हणजे सोबतच्या कॅरेक्टरांच्या टोळीतला, एक जण नेहमी किट बाळगणारा पाहिजे. आमच्यात मावसबहिणीची रुक्मी वैदीण आहे, चिंधू सोडला तर ती पार्टीत असताना एकही जण नुसत्या सेव्हवर गेलेला नाही.

अन एक नियम असा की ज्यात सेव्हच मिळत नाही. माराचा जो भाग झिरोच्या खाली उरतो तो तुमच्या पूर्ण एचपीइतका किंवा जास्त असेल तर माणूस जागीच संपला. कागदावर कठीण वाटतं पण लेव्हल एकला सोपं आहे. सात एचपीचा विझार्ड (जादूगार) घ्या, अंगावर खरचटलंही नाही, पूर्ण सात. ओगरचा (धिप्पाड राक्षसाचा) सोटा सरासरी 13 लावतो. 14 लागले तर सातात झिरो झाला, उरले सात, अन त्याचे पूर्ण एचपी सात, म्हणजे जागीच गेला. म्हणून पहिल्या दोन लेव्हलला ओगर आणायचा तर तो दिवसाढवळ्या लांबून दिसला पाहिजे, त्यानं तोडलेली बैलगाडी आधी दिसली पाहिजे. एवढं करून पोट्टे त्याच्याच अंगावर धावले तर मग तुमचा दोष नाही.

बाकीच्या गेममध्ये मरण वेगवेगळं बसवलेलं आहे अन त्यातून उचलण्यासारखं लय आहे. 1977 च्या ट्रॅव्हलरमध्ये तर कॅरेक्टर बनवताबनवताच मरू शकायचं, गेम सुरू व्हायच्या आधी. 1981 च्या कॉल ऑफ कथुलूमध्ये शरीर टिकलं तरी डोकं टिकत नाही. पॅरानोयात प्रत्येकाला सहा क्लोन, मेला की पुढचा हजर, म्हणजे आमच्या मावसभावाची आयडिया अधिकृत नियम म्हणून 1984 लाच छापून आलेली होती. डंजन क्रॉल क्लासिक्स 2012 चं, त्यात एकेकाला तीन-चार साधे शेतकरी, मजूर देतात अन सगळ्यांना एका भुयारात ढकलतात, जो जिवंत निघेल तो हिरो. हे आमच्या पोट्ट्यांनी एका लोडशेडिंगच्या रात्री खेळलं, सोळातले पाच बाहेर आले. ब्लेड्स इन द डार्कमध्ये माणूस मरण्याआधी झिजतो, मनावर चार ट्रॉमा झाले की कॅरेक्टर कामातून बाद, निवृत्त. ही झिजण्याची कल्पना मी आमच्या गेममध्ये सरळ चोरली, ती पुढं येते.

डाइस उघड टाका

यावर लोकांची भांडणं होतात. मी आधी परीक्षेचं पॅड उभं करून त्याच्या मागं चिठ्ठी काढायचो, अन कोणी मरायला आलं की आकडा बदलून सांगायचो. वर्षभर चाललं. एकदा ट्रॅक्टरवाला पाणी प्यायला उठला, माझ्या मागून गेला, अन त्यानं 19 पाहिला तेव्हा मी तोंडानं 6 म्हणत होतो. त्यानं तिथं काही म्हटलं नाही. जाताना गाडीला किक मारतामारता म्हणे, "भाऊ, मंग आम्ही कायले जीव तोडून खेळून राह्यलो?" वर्षभरातले सगळे विजय एका वाक्यात खोटे पडले.

तेव्हापासून चिठ्ठी सगळ्यांसमोर. कोणाला मारायचं नसेल तर चिठ्ठी काढायच्या आधी ठरवा, की हा डाकू याला पकडून नेईल, मारणार नाही. डाकूला काय पाहिजे हे ठरवणं तुमच्या हातात आहे. एकदा चिठ्ठी काढली की तिच्यावरचा आकडा तुमच्या हातात नाही.

वही

आता मुख्य काम. दोनशे पानी वही घ्या, लांबट, दुकानदार वापरतात तशी. प्रत्येक कॅरेक्टरला चार पानं. तीन रकाने आखा: देणं, येणं, अन राहिलेलं.

देणं म्हणजे हे कॅरेक्टर कोणाचं काय लागतं. पैसाच असला पाहिजे असं नाही. येणं म्हणजे याचं दुसऱ्याकडं काय निघतं. राहिलेलं म्हणजे जे करायचं म्हणून बोलला पण केलं नाही. सुरुवातीला प्रत्येकाच्या खात्यात तीनच नोंदी करा, एक पार्टीतल्या दुसऱ्या कॅरेक्टरशी जोडलेली, एक गावातल्या एनपीसीशी, अन एक स्वतःशीच. उदाहरणच देतो, सरांच्या सखाराम हवालदाराचं पान असं सुरू झालं. देणं: नदीवरच्या नावाड्याचे चाळीस मोहोरा, पुराच्या रात्री त्यानं पलीकडं नेलं त्याचे. येणं: रुक्मी वैदिणीनं एकदा खोटी साक्ष द्यायला लावली, तिच्याकडून एक खरी गोष्ट. राहिलेलं: जन्मात एकदा किल्ल्याच्या आतून सूर्योदय पाहायचा, आजवर दारावर पहारा दिला पण आत कोणी सोडलं नाही.

2014 च्या नियमात बॉण्ड, आयडियल, फ्लॉ (नातं, तत्त्व, खोड) असे रकाने आहेतच, मग हे काहून? काहून का ते पहिल्या दिवशी भरले जातात अन मंग कोणी बघत नाही. माझा फ्लॉ लोभ आहे, चार वर्षं लोभच. खातं मात्र हलतं. दर सेशनच्या शेवटी, चहा येईपर्यंत, मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "आज खात्यात काय चढलं, काय मिटलं?" एक ओळ, जास्त नाही. काहीच नसेल तर रेघ मारायची. लागोपाठ तीन रेघा आल्या तर समजा की तुम्ही त्या माणसाला गेममध्ये काही दिलंच नाही, पुढच्या वेळेस त्याच्या देण्यातला एखादा माणूस वसुलीला पाठवा. नावाडी सखारामाकडं तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पैसे नको म्हणे, पोरगी हरवली ती शोधून दे. चाळीस मोहोरांच्या नोंदीतून आमची आठ महिन्यांची गोष्ट निघाली, मी ती आधी ठरवलेली नव्हती.

लेव्हल वाढवणंही मी त्यालाच जोडलं. नियमात अनुभवाचे पॉइंट मोजायचे असतात, लेव्हल दोनला 300, तीनला 900, चारला 2700, पाचला 6500, अन ते मोजायला गेलं की पोट्टे रस्त्यात दिसेल त्या कोल्ह्याला पण मारतात. आमच्यात कोणाच्याही खात्यातली मोठी नोंद मिटली की सगळ्यांची एक लेव्हल वाढते. यानं झालं काय की ट्रॅक्टरवाला आता दुसऱ्याच्या उधारीची चिंता करतो.

झिजणं पण खात्यातच. किरकोळ मारामारीत झिरो झालेला माणूस मरत नाही असं आम्ही ठरवलं होतं ना, त्याच्या बदल्यात 'राहिलेलं'मधली एक गोष्ट लाल पेननं कापायची, ती आता होणार नाही. कोणाचं करंगळीचं टोक गेलं अन बासरी वाजवायचं राहून गेलं. कोणाच्या मनात विहिरीची भीती बसली. कॅरेक्टर बदललं पाहिजे हे सगळे म्हणतात पण बदल कुठून येतो हे कोणी सांगत नाही, माझ्या पाहण्यात तो मिटलेल्या नोंदींतून कमी अन कापलेल्या नोंदींतून जास्त येतो.

वर्ष फिरवा

नवे जीएम एक चूक हमखास करतात. खरी दोन वर्षं खेळतात अन गेममध्ये फक्त वीस दिवस गेलेले असतात. वीस दिवसांत शेळी राखणारा पोट्टा ड्रॅगन मारायला लागतो. अशा माणसाचं वाढणं कोणाला पटणार?

ग्रेग स्टॅफर्डच्या पेंड्रॅगनमध्ये, 1985 चा गेम आहे, साधारण एका वर्षात एक मोहीम अन हिवाळ्यात सगळे घरी, मंग पीक कसं आलं, मूल झालं का, कोण आजारी पडलं याचे डाइस. सरदार मेला की त्याचा पोरगा तुमचं कॅरेक्टर. पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आपल्याकडं हिवाळ्यात घरी बसणं कुठं असतं, कापूस वेचणी अन तूर तेव्हाच, म्हणून आमचं गेमचं वर्ष गुढीपाडव्याला फिरतं, सालगड्याचं साल फिरतं तसं. मोहीम साधारण दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. मंग पाडव्याला मारामारी नसलेलं एक सेशन, त्यात प्रत्येक जण सांगतो की या वर्षात घरी काय झालं, कोणाकडं कामाला राहिला, कोणाशी बोलणं बंद झालं, अंगात काय बदललं. मी एक चिठ्ठी काढायला लावतो, 1 ते 5 आली तर घरात काहीतरी वाईट, 16 च्या वर आली तर काहीतरी चांगलं, मधलं काहीही असेल तर नेहमीसारखं. वाईट म्हणजे काय ते प्लेयरनंच सांगायचं, तुम्ही सुचवू नका, लोक स्वतःच्या कॅरेक्टरवर तुमच्यापेक्षा जास्त निर्दय असतात.

प्रसंग आला

आमच्या गेममधला किल्ला नरनाळ्याच्या किल्ल्यावरून काढलेला आहे, सर एकदा शाळेची सहल घेऊन गेले होते, त्यांनीच नकाशा काढून दिला, महाकाली दरवाजासकट. त्या दरवाजात सखाराम एकटा उभा राहिला, लेव्हल सहा, बाकीचे नावाड्याच्या पोरीला घेऊन मागच्या खिंडीनं पळत होते. मी आधी म्हटलं होतं, "सर, हे जीवावरचं आहे." सर म्हणे, "माहीत आहे. काढ चिठ्ठी."

अशा वेळी काय करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे घाई करू नका, तिसरा फेल पडला की तोंडातून लगेच "मेला" काढू नका. फोन उलटे ठेवायला सांगा. मंग प्लेयरला विचारा, शेवटचं त्याला काय दिसतं? काही बोलतो का? हा हक्क त्याचा आहे, जीएमनं वर्णन ठोकून तो हिसकावू नये. सरांनी लय वेळ घेतला अन म्हणाले की तो दरवाजातून मागं वळून आत पाहतो, उजाडून राह्यलं आहे. एवढंच. 'राहिलेलं'मधली ती ओळ मावसबहिणीनं वहीत न विचारता मिटवली.

त्यानंतर त्या दिवशी पुढं खेळू नका. आम्ही एकदा खेळलो होतो, दुसऱ्या एका मरणानंतर, अन ज्याचं कॅरेक्टर गेलं तो दीड तास मोबाइल पाहत बसला, दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या मोजत. चहा करा, घरी जा.

परत आणायचं का?

नियमात सोय आहे. रिव्हिव्हिफाय, तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, मेल्यापासून एका मिनिटाच्या आत, म्हणजे लढाईचे दहा राउंड, अन 300 सोन्याच्या नाण्यांचे हिरे जळून जातात. रेझ डेड पाचव्या लेव्हलचा, दहा दिवसांच्या आत, 500 चा हिरा, अन परत आलेल्याला जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर उणे 4, दर मोठ्या विश्रांतीनंतर एकनं कमी होत जाणार. रिसरेक्शन शंभर वर्षांपर्यंत, हिरा 1000 चा. ट्रू रिसरेक्शन दोनशे वर्षांपर्यंत, 25,000 चे हिरे. अन रिइनकार्नेट, त्यात जीव परततो पण शरीर नवं मिळतं, दुसऱ्याच वंशाचं निघू शकतं.

नाणी मोजून परत आणू देणं मला पटत नाही, लेव्हल सातच्या पुढं पार्टीकडं पैसा पडलेलाच असतो अन मंग मरण म्हणजे गाडी पंक्चर झाल्यासारखं. आमच्यात हिरा विकत मिळत नाही. पंचक्रोशीत तीनच हिरे आहेत अन कोणाकडं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, एक देवीच्या नथीत, एक देशमुखीणबाईकडं, एक चोरीला गेलेला. ज्याच्याकडून आणाल त्याची नोंद परत आलेल्याच्या खात्यात देण्यात चढते, अन ती मोठी असते. सखारामासाठी पोट्टे देशमुखीणबाईकडं जायला निघाले होते. सरच नको म्हणाले. त्याला जे पाहायचं होतं ते दिसलं, आता परत आणून त्याच्याकडून काय पहारा देऊन घेता का? परत आणायचं की नाही हे नेहमी ज्याचं कॅरेक्टर आहे त्यालाच आधी विचारा, पार्टीला नंतर.

तेरवी

पुढच्या सेशनला तेरवी. ही आमची घरची पद्धत आहे, पुस्तकात नाही. लढाई नाही, चिठ्ठ्या नाहीत. गेममध्ये सगळी कॅरेक्टरं जेवायला बसतात अन मेलेल्याचं खातं मोठ्यानं वाचलं जातं. ज्याचं कॅरेक्टर मेलं तो प्लेयर त्या दिवशी एनपीसी बोलतो. सर नावाडी झाले, हवालदाराचा म्हातारा बाप झाले, अन एका डाकूचा निरोप्या पण झाले. त्या दिवशी माझ्यापेक्षा तेच जास्त बोलले.

मंग एकेक नोंद कोण घेतो ते विचारायचं. देणं घेतलं तर फेडायचं, येणं घेतलं तर वसूल करायचा हक्क मिळाला. कोणीही घेतली नाही तर ती नोंद जीएमची, अन जीएम तिचं काय करेल ते सांगता येत नाही. सखारामाचं येणं मोठं विचित्र होतं, रुक्मीकडून एक खरी गोष्ट. ज्याला सांगायची तोच गेला. मावसबहीण जरा वेळ वहीकडं पाहत बसली अन मंग रुक्मीनं हवालदाराच्या बापाला सगळं सांगितलं, साक्ष खोटी होती, तुमच्या पोरानं माझ्यासाठी नोकरी पणाला लावली होती. बाप म्हणून सर काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिथून पुढं रुक्मी कधी खोटं बोलली नाही, दोन वेळा पार्टी त्यापायी अडचणीत आली, तरी नाही. चार वर्षांत रुक्मीच्या कागदावर जे झालं नव्हतं ते एका तेरवीत झालं.

तेरवीला अडीच तास लागतात. कंटाळा येईल असं वाटतं, येत नाही.

नवं कॅरेक्टर

आधी हे, की लेव्हल पार्टीइतकीच द्या. मेला म्हणून एकपासून सुरू करा हे काही लोक शिस्त म्हणून करतात, त्यात नवा माणूस दर लढाईत पहिला पडतो अन शिक्षा प्लेयरला होते. फक्त वस्तू कमी द्या.

दुसरं, नवा माणूस आकाशातून पाडू नका, वहीतून काढा. जुन्या नोंदींमध्ये ज्याचं नाव आलं आहे असा एनपीसी घ्या, त्याचं खातं आधीच अर्धं लिहिलेलं असतं अन पार्टीला त्याच्याशी काहीतरी घेणं-देणं असतं. सरांनी नावाड्याची पोरगी घेतली. तिच्या देण्याच्या रकान्यात पहिलीच ओळ काय असणार ते सांगायला नको. पहिल्या अर्ध्या तासात तिला टेबलावर आणलं, दोन सेशन ताटकळत ठेवलं नाही. नव्या कॅरेक्टरचा आवाज, बसणं, बोलणं जुन्यापेक्षा वेगळं ठेवायला प्लेयरला सांगा. सरांचा हवालदार कमी बोलायचा, ही पोरगी तोंडाळ आहे, वर्गात सर असं बोलले तर पोरं घाबरतील.

सगळीच कॅरेक्टरं मरून जात नाहीत, काहींची गोष्ट संपते अन ती जिवंतच राहतात. खात्यात तिन्ही रकाने मिटत आले अन नवं काही चढत नाही असं दिसलं की प्लेयरला विचारा, याला घरी जाऊ द्यायचं का? आमच्या ट्रॅक्टरवाल्याच्या लढवय्यानं असंच तलवार ठेवून बैलजोडी घेतली, आता पार्टी त्याच्या गोठ्यात मुक्कामाला थांबते अन तो जीएमचा एनपीसी झालाय, पण त्याच्याबद्दल काही मोठं ठरवायचं असलं तर मी आधी ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो.

जुने कागद फेकू नका, आमचे पत्र्याच्या पेटीत असतात. मागच्या रविवारी तूर सोंगून सगळे दमलेले होते म्हणून खेळलो नाही, नुसती पेटी उघडून बसलो, अन तळाशी चिंधूचा कागद सापडला, नाव खोडलेला, बंधू लिहिलेला. मावसभाऊ लय वेळ हसला, मंग म्हणे वही दे इकडं. शेवटच्या पानावर त्यानं चिंधूचं खातं उघडलं अन देण्यात लिहिलं, पहिल्या सेशनला दुकानातून निघताना रुक्मीकडून दोन तांब्याची नाणी, बाणासाठी. आम्हाला कोणालाच आठवत नव्हतं. मावसबहीण म्हणे, "हो, दिले होते मी. कोण देतं आता?"